बालपणाचा परिसर आणि निसर्गाची ओढ

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आज आपल्यासमोर मी जो विषय मांडणार आहे, तो परीक्षेच्या दृष्टीने फारशा गुणांचा नाही. पर्यावरण हा विषय आता प्रत्येक शाळेत आहे. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली निकाल दिला आणि शाळा-महाविद्यालयांतून हा विषय शिकवला जावा असे ठरले. तेव्हापासून मुले वह्या भरतात, तक्ते रंगवतात, प्रकल्प सादर करतात आणि गुणही चांगले मिळवतात. परंतु तोच मुलगा शाळेतून बाहेर पडताना वेफर्सची रिकामी पिशवी गटारात टाकतो. तीच मुलगी घरी नळ वाहता ठेवून दात घासते. त्यांना माहिती नाही असे नव्हे. माहिती आहे, पण ती वागण्यात उतरलेली नाही.

असे का होते? माझे उत्तर थोडक्यात असे आहे. निसर्गाविषयीची माहिती पुस्तकातून मिळते. त्याविषयीची ओढ मात्र परिसरातून लागते. मूल लहानपणी कोठे खेळते, काय हाताळते, त्याच्याबरोबर कोण असते आणि घरातली मोठी माणसे पाणी, अन्न, झाड, जनावर यांच्याशी कशी वागतात, यावर पुढे त्याचे वागणे पुष्कळसे ठरते. हे मी हवेत बोलत नाही. त्यासाठी मी आपल्यासमोर प्रथम एका मुंबईकर मुलाचे उदाहरण ठेवतो.

१२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत एका मुस्लिम कुटुंबात एक मूल जन्मले. भावंडांतले ते सर्वांत धाकटे. ते एक वर्षाचे असताना वडील वारले आणि तीन वर्षांचे असताना आई वारली. या पोरक्या मुलाला त्याचे मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी खेतवाडीतल्या आपल्या घरी वाढवले. ज्या तय्यबजी घराण्यातील बद्रुद्दीन तय्यबजी १८७४ साली मुंबईत अंजुमन-ए-इस्लामची स्थापना करणाऱ्यांत अग्रभागी होते, तेच हे घराणे. हा मुलगा म्हणजे पुढे जगप्रसिद्ध झालेले पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली.

आता पालकांनी येथे नीट लक्ष द्यावे. खेतवाडी हे काही जंगल नव्हते. गिरगावाजवळची ती गजबजलेली वस्ती. या मुलाचे पहिले पक्षी होते साध्या चिमण्या. त्याच्या हातात खेळण्यातली हवेची बंदूक होती आणि त्या काळच्या मुलांप्रमाणे तो चिमण्या मारीत असे. म्हणजे सुरुवात दयेने झाली नव्हती, ती शिकारीच्या हौसेने झाली होती. एके दिवशी त्याने मारलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही चिमणी वेगळी का, असा प्रश्न त्याला पडला आणि तो पक्षी घेऊन तो मामांकडे गेला.

मामांना उत्तर ठाऊक नव्हते. अशा वेळी पुष्कळ घरांत काय होते, ते आपण जाणतो. ‘जा, अभ्यास कर’ एवढे सांगून मुलाला वाटेला लावले जाते. अमिरुद्दीन मामांनी तसे केले नाही. त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या सचिवांच्या नावे एक ओळखपत्र लिहून दिले आणि मुलाला तिकडे पाठवले. साल होते १९०८. सोसायटीचे मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलर्ड यांनी त्या मुलाशी आपुलकीने बोलणे केले, तो पक्षी पीतकंठी चिमणी असल्याचे सांगितले, कपाटे उघडून पेंढा भरलेले पक्षी दाखवले आणि वाचायला पुस्तकेही दिली. त्यांत साताऱ्यात जन्मलेल्या एडवर्ड एटकिन यांचे मुंबईच्या नेहमीच्या पक्ष्यांवरचे पुस्तक होते. बंदूक हातात असलेला मुलगा त्या दिवसापासून निरीक्षक होऊ लागला. आपल्या १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्राला त्यांनी नाव दिले तेही त्याच चिमणीच्या पडण्यावरून.

विद्यार्थी मित्रांनो, हा मुलगा वर्गात पहिला येणारा नव्हता. डोकेदुखीमुळे त्याची शाळा मध्येच सुटली होती आणि १९१३ साली तो कसाबसा मॅट्रिक झाला. विद्यापीठाची रीतसर पदवी त्यांनी कधी मिळवली नाही. १९३० साली नोकरी नसताना ते पत्नी तेहमिना यांच्यासह अलिबागजवळच्या किहीम गावी जाऊन राहिले. बेकारीच्या त्या दिवसांत त्यांनी सुगरण पक्ष्याची घरटी दिवसेंदिवस न्याहाळली. नर एकामागून एक घरटी विणतो आणि एकामागून एक माद्यांशी जोडी जमवतो, हे सुगरणीच्या संसाराचे गुपित त्यांनी जगाला सांगितले. पुढे १९४१ साली त्यांचे भारतीय पक्ष्यांवरचे सुप्रसिद्ध पुस्तक निघाले. १९६८ ते १९७४ या काळात डिलन रिप्ले यांच्यासह त्यांनी दहा खंडांचा पक्षिकोश पुरा केला. १९५८ साली पद्मभूषण आणि १९७६ साली पद्मविभूषण हे किताब त्यांना मिळाले. केरळातील सायलेंट व्हॅलीचे जंगल धरणाखाली जाऊ नये म्हणून ज्यांनी आपले वजन खर्च केले, त्यांतही ते होते. १९८७ साली त्यांचे निधन झाले.

आणि हा प्रकाश एका माणसापुरता राहिला नाही. त्याच गोतावळ्यातील हुमायून अब्दुलअली हे मोठे पक्षिअभ्यासक झाले. बेडकांचे पाय परदेशी पाठवण्याच्या धंद्यामुळे शेतीचे नुकसान होते, हे त्यांनी वर्षानुवर्षे सांगितले आणि ती निर्यात १९८७ साली बंद झाली. त्यांच्या कुटुंबातील लईक फतेहअली आणि त्यांचे पती जफर फतेहअली यांनीही लेखणीने व संघटनेने पक्ष्यांची सेवा केली. एका घरात पक्ष्यांविषयी बोलणे चालू असले, की त्या घरातल्या मुलांना ती भाषा न शिकवता येऊ लागते. उर्दू बोलणाऱ्या घरात मूल उर्दू बोलते, तसेच हे.

या उदाहरणातून मला तीन गोष्टी दिसतात. पहिली, रोजच्या नजरेत येणारा एखादा तरी जीव. तो वाघच हवा असे नाही, चिमणी पुरते. दुसरी, मुलाचा प्रश्न झिडकारून न टाकणारे घरातले मोठे माणूस. उत्तर ठाऊक नसले तरी चालते; उत्तर कोठे मिळेल ते दाखवले की झाले. तिसरी, दार उघडे ठेवणारी एखादी संस्था. या तीनपैकी एक जरी गळाली असती, तरी ती पिवळ्या गळ्याची चिमणी विसरली गेली असती.

आता कोणी म्हणेल, हा एका असामान्य माणसाचा दाखला झाला. म्हणून थोडे संशोधनाकडे वळू. अमेरिकेतील लुईज चावला या विदुषींनी केंटकी आणि नॉर्वे येथील पर्यावरण-कार्यकर्त्यांच्या मुलाखती घेऊन १९९९ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. तुम्ही या कामाकडे कसे वळलात, या प्रश्नाला अनेकांनी दिलेल्या उत्तरांत दोन गोष्टी पुन:पुन्हा आल्या. लहानपणी हिंडण्या-खेळण्याची एखादी मोकळी जागा, आणि निसर्गाकडे बघायला शिकवणारे आई, वडील, आजोबा यांच्यापैकी कोणी. पुढे २००६ साली नॅन्सी वेल्स आणि क्रिस्टी लेकीज यांनी अमेरिकेच्या शहरांतील दोन हजारांहून अधिक प्रौढांच्या माहितीचा अभ्यास केला. अकराव्या वर्षाच्या आत जी मुले रानात हिंडली, मासे धरायला गेली, उघड्यावर खेळली, त्यांच्यात मोठेपणी निसर्गाविषयीची आस्था अधिक दिसली. फुले तोडणे, रोपे लावणे, भाजी पिकवणे यांचाही परिणाम दिसला, पण तो मोकळ्या हिंडण्याइतका ठळक नव्हता.

येथे एक सावधगिरी सांगणे माझे कर्तव्य आहे. अशा पाहण्या लोकांच्या आठवणींवर उभ्या असतात, आणि दोन गोष्टी जोडीने दिसल्या म्हणजे एकीमुळेच दुसरी झाली असे सिद्ध होत नाही. रानात हिंडलेला प्रत्येक मुलगा निसर्गप्रेमी होत नाही. आपल्या गावाकडेच पाहा. बेचकीने पाखरे पाडणारी, होल्यांची अंडी काढणारी, खाडीत जाळ्यांबरोबर कचराही सोडून येणारी मुले गावातच वाढलेली असतात. म्हणून केवळ हिरवा परिसर पुरे नाही. परिसराला माणसाची साथ लागते. बंदूक हाती असलेल्या मुलाला मिलर्ड भेटावे लागतात.

आणखी एक उदाहरण आफ्रिकेतील आहे. केनियामध्ये १९४० साली जन्मलेल्या वांगारी माथाई यांच्या खेड्यात एक मोठे उंबराच्या जातीचे झाड होते. हे देवाचे झाड, याचे सरपण आणायचे नाही, असे त्यांच्या आईने त्यांना बजावले होते. झाडाजवळून एक झरा वाहत असे. त्या झऱ्यातली बेडकांची अंडी मण्यांसारखी ओंजळीत धरण्याचा प्रयत्न त्या लहानपणी करीत. पुढे उच्च शिक्षण घेऊन त्या परदेशातून परतल्या तेव्हा झाड तोडले गेले होते आणि झरा आटला होता. झाड आणि पाणी यांचा संबंध त्यांना कोणी फळ्यावर काढून दाखवावा लागला नाही. १९७७ साली त्यांनी बायकांना हाताशी धरून झाडे लावण्याची चळवळ सुरू केली, कोट्यवधी झाडे लागली आणि २००४ साली त्यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. जिने झरा पाहिलाच नाही, तिला तो आटल्याचे दु:ख कसे होणार?

हाच मुद्दा मला पालकांपुढे विशेष आग्रहाने ठेवायचा आहे. पीटर कान आणि बात्या फ्रीडमन या संशोधकांनी अमेरिकेतील ह्यूस्टन शहराच्या गरीब वस्तीतील मुलांशी बोलून १९९५ साली एक निबंध प्रसिद्ध केला. हवेचे प्रदूषण म्हणजे काय, हे पुष्कळ मुलांना सांगता येत होते. पण आपल्याच शहराची हवा दूषित आहे, असे वाटणारी मुले त्या मानाने कमी होती. ती ज्या हवेत जन्मली, तीच त्यांना साधी हवा वाटत होती. पुढे कान यांनी मांडले की प्रत्येक पिढी आपल्या बालपणी जे पाहते तेच मूळचे समजते आणि आधी काय होते ते विसरून जाते. आपल्या आजोबांनी विहिरीचे पाणी ओंजळीने प्याले. वडिलांनी ते गाळून, उकळून प्याले. मुलगा बाटलीचे पाणी पितो आणि त्यालाच पाणी म्हणतो. तक्रार करायला त्याच्याकडे आठवणच नाही.

आता आपल्या समाजाची स्थिती पाहू. कोकणातल्या मुसलमान वस्तीत पूर्वी मुलाचा परिसर काय होता? घरामागे परसू, त्यात माड, फणस, रातांबा, विहिरीवर रहाट, गावाखाली खाडी. कुर्ल्या कोणत्या बिळात असतात, तिसऱ्या कोणत्या ओहोटीला मिळतात, तिवराच्या मुळाशी मासळीची पिले का थांबतात, हे मुलाला कोणी शिकवले नाही. ते त्याला येत होते. चंद्राची तारीख त्याला दोन कारणांसाठी ठाऊक असे, एक रोजे-ईद आणि दुसरी भरती-ओहोटी.

पुढे माणसे मुंबईला गेली, आफ्रिकेला गेली, कुवेत-मस्कत-दुबईला गेली. त्या कष्टाच्या पैशाने घरे पक्की झाली, मुले शिकली, आपल्यासारख्या संस्था उभ्या राहिल्या. त्याबद्दल त्या पिढीचे आपण ऋणीच आहोत. पण त्याबरोबर एक गोष्ट हातची गेली. परसवात लाद्या बसल्या, विहिरीवर झाकण पडले. मूल मुंब्र्याच्या किंवा कुर्ल्याच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर वाढू लागले. मे महिन्यात दहा दिवस गावी आले तरी ‘चिखलात जाऊ नकोस’, ‘खाडीकडे जाऊ नकोस’, ‘कपडे मळतील’ हे ऐकून ते मोबाइल घेऊन खोलीत बसते. पाण्याची भीती खरी आहे, सापाची भीतीही खरी आहे. पण त्यावर उपाय मुलाला कोंडणे नव्हे. त्याच्याबरोबर चाचा, मामू, नाना यांपैकी कोणी जाणे हा आहे.

मुलींविषयी तर वेगळे सांगायला हवे. मुलगा निदान मैदानावर जातो. मुलगी आठ-नऊ वर्षांची झाली की तिचा परिसर शाळा, मक्तब आणि स्वयंपाकघर एवढाच उरतो. उद्या घरातले पाणी, सरपण-गॅस, भाजीपाला, कचरा या सर्वांचा कारभार मात्र तिच्याच हाती येणार असतो. १९७४ साली चमोली जिल्ह्यातील रेणी गावात कुऱ्हाडीपुढे उभ्या राहून झाडे वाचवणाऱ्या गौरादेवी आणि त्यांच्या सोबतिणी या रानाशी रोजचा संबंध असलेल्या बायकाच होत्या. मर्यादा पाळून, आईबरोबर, शिक्षिकेबरोबर, मैत्रिणींच्या घोळक्यात मुलींनाही डोंगर आणि खाडी पाहू द्या. त्यांच्या वाट्याचा निसर्ग त्यांना द्या.

काही जणांना वाटेल, हे पाश्चात्त्यांचे नवे खूळ आहे. दीनशी याचा काय संबंध? त्यांना मी नम्रपणे सीरतकडे पाहण्याची विनंती करीन. मक्केच्या प्रतिष्ठित घराण्यांत तान्ह्या मुलांना वाळवंटातील कबिल्यांकडे पाठवण्याची रीत होती. मोकळी हवा मिळावी आणि भाषा शुद्ध राहावी हा त्यामागचा हेतू. आपले प्यारे पैगंबर (स.) यांचे बालपण असेच बनू साद कबिल्यात दाई हलीमा यांच्याकडे गेले. लहानपणी त्यांनी बकऱ्या चारल्या, आणि सर्वच पैगंबरांनी बकऱ्या चारल्याचे त्यांनी पुढे सांगितल्याचे हदीसमध्ये येते. कळप राखणाऱ्याला गवत, पाणी, ऊन आणि मुक्या जिवाची भूक यांचे भान ठेवावे लागते. ज्यांच्या हाती उंमत सोपवायची होती, त्यांना आधी कळप सोपवला गेला, यात आपल्यासाठी केवढा बोध आहे!

मुसलमानाने लावलेल्या झाडाचे फळ माणसाने, पाखराने वा जनावराने खाल्ले तरी लावणाऱ्याच्या खाती तो सदका लिहिला जातो, ही शिकवण आपण सर्वांनी ऐकली आहे. कयामत समोर दिसली आणि हातात रोप असले तरी ते लावून टाकावे, असेही सांगितलेले आहे. मदिन्याच्या परिसरात झाडे तोडण्यास व शिकार करण्यास मनाई होती. वुजूसाठी पैगंबर (स.) एक मुद, म्हणजे आजच्या मापाने लिटरभराहूनही कमी पाणी वापरीत, आणि वाहत्या नदीच्या काठी बसलेल्यालाही त्यांनी उधळपट्टीपासून जपण्यास सांगितले. ही शिकवण आपल्या मुलांच्या तोंडपाठ असते. पण मशिदीत ती पाहतात काय? नळ पूर्ण सोडलेला, आणि वुजू करणारा शेजाऱ्याशी बोलतो आहे. पूर्वी मशिदीत हौद असे. मुंबईच्या जुम्मा मशिदीत जिवंत झऱ्याचा तो जुना हौद आजही आहे, त्यात मासे आहेत. हौदावर बसणाऱ्या मुलाला पाणी डोळ्यांना दिसत असे. त्याची पातळी खाली गेली की तेही दिसत असे. नळाने ते दिसणे बंद केले. परिसर बदलला की सवय बदलते ती अशी.

तेव्हा पालकहो, मुलाचा सर्वांत जवळचा परिसर म्हणजे आपले घर आणि आपले स्वत:चे वागणे. आपल्या दादी-नानीने पर्यावरण हा शब्द ऐकला नव्हता. पण दस्तरखानावरचे दाणे त्या वेचून कोंबड्यांना टाकीत, तांदूळ धुतलेले पाणी अळवाला घालीत, जुन्या लुगड्यांची गोधडी करीत, आणि अन्न टाकले तर बरकत जाते असे सांगत. इसराफ म्हणजे काय ते मुलाला त्यांच्या हाताकडे पाहून कळत असे. आज लग्नात अर्धी बिर्याणी ताटात राहते. सबील झाल्यावर रस्ता ग्लासांनी भरतो. महाराष्ट्रात २०१८ साली प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, आणि १ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरून फेकायच्या प्लास्टिकच्या वस्तूंवर बंदी आली; तरी इफ्तारीचे सामान त्यांतूनच येते. बकरी ईदला कुर्बानीचे अवशेष नीट खड्ड्यात न पुरता नाल्याकाठी पडलेले दिसले, तर मूल त्यातूनही शिकते. पाक-साफ राहणे हा ईमानाचा भाग आहे, हे त्याला आपण त्याच दिवशी सांगत असतो.

आता प्रत्यक्ष काय करावे? मी पाच सूचना करतो. त्यांना फारसा पैसा लागत नाही.

पहिली सूचना आपल्या शाळेच्या आवाराविषयी. पावसाळ्यात गणवेश मळतात म्हणून संपूर्ण पटांगणात पेव्हर ब्लॉक बसवावेत, अशी मागणी काही पालकांनी केली आहे. त्यांची अडचण खरी आहे. आठवड्यात तीनदा गणवेश धुणे आईलाच करावे लागते. म्हणून फाटकापासून वर्गांपर्यंतची वाट अवश्य बांधावी. परंतु मागील बाजूची जांभळाची झाडे आणि विहिरीभोवतालची माती तशीच ठेवावी, असे मी पदाधिकाऱ्यांना कळकळीने सांगतो. शहरातून इथे शिकायला येणाऱ्या किती तरी मुलांना मातीचा तेवढाच तुकडा मिळतो. त्यात गांडूळ आहे, मुंगीचे वारूळ आहे, पहिल्या पावसात उगवणारा टाकळा आहे. सिमेंटखाली गेलेली माती परत काढता येत नाही, आणि पाणी मुरणे थांबले की विहीरही बोलू लागते.

दुसरी, ५ जूनला फोटोसाठी शंभर रोपे लावू नका. एका वर्गाला एकच झाड द्या आणि पाचवी ते दहावी त्याच वर्गाकडे ते राहू द्या. एप्रिल-मेमध्ये पाणी कोण घालणार, हे जूनमध्येच ठरवा. पालवी, मोहर, फळ, त्यावर येणारी पाखरे यांची तारीखवार नोंद मुलांनी वहीत ठेवावी. ती वही खालच्या वर्गाला वारशाने द्यावी.

तिसरी, वुजूच्या पाण्याचे मोजमाप. विद्यार्थ्यांनो, नळाखाली बादली ठेवून वुजू करा आणि बादलीत किती पाणी जमले ते लिटरच्या मापाने मोजा. नंतर बदना किंवा तांब्या घेऊन वुजू करा आणि पुन्हा मोजा. आकडा तुम्ही स्वत: काढलात, की तुम्हाला कोणी उपदेश करावा लागणार नाही. ते पाणी साबणाचे नसते. त्याचा पाट मशिदीच्या आवारातील झाडांना सहज देता येतो.

चौथी, जवळ काय आहे ते दाखवा. मुंब्र्याच्या मुलाच्या पाठीशी पारसिकचा डोंगर आहे. ठाण्याच्या खाडीत हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत हजारो रोहित पक्षी असतात. २०१५ साली ते रोहित पक्ष्यांचे अभयारण्य जाहीर झाले आणि २०२२ साली त्याचा समावेश रामसर करारातील पाणथळ जागांच्या यादीत झाला. मुंबई-गोवा रस्त्यावर पनवेलजवळ कर्नाळ्याचे पक्षी अभयारण्य आहे. आपले कबरस्तानही विसरू नका; पुष्कळ गावांत सर्वांत जुनी झाडे तेथेच उरली आहेत. अदब राखून मुलांना ती दाखवा.

पाचवी, सुट्टीतले दहा दिवस. गावी गेल्यावर नाना-नानीला मुलांबरोबर रोज एक तास द्या. विहिरीचे पाणी काढणे, आंबे उतरवणे, सोले वाळवणे, ओहोटीला खाडीवर जाणे, हे सारे मुलांनी त्यांच्याबरोबर करावे. आणि मुलाने काही विचारले, तर उत्तर ठाऊक नसल्याचा संकोच धरू नका. ‘चल, विचारू या’ एवढे म्हणा. अमिरुद्दीन मामांनी याहून अधिक काही केले नव्हते.

शेवटी विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी एक शब्द. वने, सरोवरे, नद्या व वन्य जीव यांचे रक्षण करणे आणि प्राणिमात्रांविषयी दया बाळगणे हे १९७६ सालच्या घटनादुरुस्तीने प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरवले आहे. संविधानाच्या अनुच्छेद ५१-क मध्ये ते तुम्हाला सापडेल. दीन आणि देश या दोघांनीही एकच काम तुमच्यावर सोपवलेले आहे, असा योग क्वचित येतो. तुम्ही डॉक्टर व्हा, इंजिनियर व्हा, परदेशी जा, नाव काढा. पण आपल्या घरासमोरच्या झाडाचे नाव, आपल्या खाडीतल्या चार माशांची नावे आणि आपल्या विहिरीची पातळी ठाऊक असल्याशिवाय गाव सोडू नका. ज्याचे नाव आपल्याला ठाऊक असते, त्याच्यावर कुऱ्हाड पडताना आपण गप्प बसत नाही.

 आपल्या मुलांच्या हातून लावलेल्या झाडांची सावली पुढच्या पिढ्यांना लाभो, अशी अल्लाहकडे दुआ करून मी आपली रजा घेतो. आमीन.

खुदा हाफिज. जय हिंद.